मौलाच्या मशीनचा नारळ

शिरोलीच्या एमआयडीसीत वज्रधार ऑटोपार्ट्स नावाचा एक कारखाना आहे. तिथं ट्रकचे ब्रेक ड्रम तयार होतात, आणि गेल्या आषाढापासून तिथं आनंदही तयार करायला घेतला आहे. ड्रम बरे होतात. आनंदाचं अजून काही खरं नाही.

आषाढात काय झालं, तर थोरल्या मालकांच्या पोरांकडून ज्या पुण्याच्या कंपनीनं हा कारखाना विकत घेतला होता, तिनं एका दुपारी बरीच माणसं घरी पाठवली. त्याला काढून टाकणं म्हणायचं नाही, राइटसायझिंग म्हणायचं, असा वरून हुकूम होता. उरलेल्यांवर दुप्पट काम पडलं, त्याला ओनरशिप म्हणायचं. मग ती उरलेली माणसं घुम्यासारखी वागायला लागली, डबा एकेकटी खायला लागली, कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. त्याला लो मोराल म्हणायचं. एवढी बारशी उरकल्यावर या मोरालवर इलाज करायला पुण्याहून एक साहेब आणला. इतक्या जणांचे पगार कंपनीला जड झाले होते, पण ती माणसं गेल्याचं दुःख हलकं करायला एक जास्तीचा साहेब ठेवणं जड गेलं नाही.

या साहेबाचं नाव श्रेयस. वय तिशीच्या आतबाहेर, दाढी कोरलेली, बोलणं गोड. आल्या आल्या त्यानं गेटवर एक यंत्र बसवलं. त्यावर तीन बटणं होती, एक हसरा चेहरा, एक मधला आणि एक रडका. सुटताना प्रत्येकानं आजचा दिवस कसा गेला ते दाबून घरी जायचं. पहिल्याच आठवड्यात रडकं बटण इतकं दाबलं गेलं की ते आत जाऊन बसलं, वर येईना. ते दुरुस्त करण्याऐवजी श्रेयसनं त्यावर चिकटपट्टी लावली. त्यानंतरच्या अहवालात कारखान्यातलं दुःख संपल्याचं पुण्याला कळवण्यात आलं.

कृष्णात हे सगळं बघायचा आणि मनातल्या मनात शिव्या घालायचा. मोठ्यानं घालायची सोय राहिली नव्हती. वडगावचा हा गडी मिसरूड फुटायच्या वयात या कारखान्यात आला आणि इथंच केस पांढरे केले. त्याचं मशीन रांगेत पहिलं. त्याच्या समोर, मधे दोन हातांची वाट सोडून, मौलाचं मशीन. मौला हुपरीचा. रोज सकाळी एसटीनं यायचा, आणि यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. वर्षानुवर्षं हे दोघं एकमेकांकडे पाठ करून काम करत आले होते आणि मान न वळवता एकमेकांशी भांडत आले होते. क्रिकेटवरनं, राजकारणावरनं, मौलाच्या बायकोच्या, नजीराभाभीच्या हातचा रस्सा भारी की कृष्णातच्या तानाबाईच्या हातचा यावरनं. आषाढात मौलाचं नाव यादीत निघालं. कृष्णातचं निघालं नाही. का, ते देवालाही सांगता आलं नसतं, कारण यादी देवानं केली नव्हती, वर्क्स मॅनेजर गणपतरावांनी केली होती, आणि गणपतराव त्यावर एक शब्द बोलायला तयार नव्हते.

तेव्हापासून कृष्णात दोन्ही मशीनं चालवत होता. या मशीनवर ड्रम चढवायचा, दार लावायचं, बटण दाबायचं, गर्रकन वळायचं, त्या मशीनवरचा ड्रम उतरवायचा, नवा चढवायचा, पुन्हा वळायचं. ड्रम म्हणजे काही पेढा नव्हे. दिवसभर तो घाण्याच्या बैलासारखा त्या दोन हातांच्या वाटेत फिरायचा, आणि कंबर अशी धरायची की घरी मोटारसायकलवरून उतरताना आधी तानाबाईला हाक मारावी लागायची. ती खांद्याला धरून उतरवून घ्यायची. लघवीला जायचं तर पलीकडच्या आदर्शला सांगून जावं लागे, आणि आदर्श बिचारा स्वतःच दोन मशीनांच्या मधे नाचत असे. शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या त्या शेडमध्ये, अशी पाच मशीनं पोरकी झाली होती आणि पाच गडी दुहेरी जुंपले गेले होते.

तरी कृष्णातनं एक गोष्ट मनाशी धरली होती. मौलाला काढलेलं नाही, मौला रजेवर आहे. हे खोटं होतं हे त्याला कळत होतं. पण शॉपच्या रिवाजात या खोट्याला जागा होती.

तो रिवाज असा. खंडेनवमीला या कारखान्यात मशीनं बंद ठेवून त्यांची पूजा होते. घासूनपुसून झेंडूच्या माळा, हळदकुंकू, ऊस, पेढे, सगळं साग्रसंगीत. आणि प्रत्येक मशीनपुढं नारळ फोडायचा तो ते मशीन चालवणाऱ्यानंच. ज्यानं नारळ फोडला त्याचं मशीन, पुढच्या खंडेनवमीपर्यंत. त्याच्या रजेत दुसऱ्यानं चालवलं तर चालतं, पण ते त्याच्या नावानं. आणि नारळ भलत्याच परक्यानं फोडला, तर त्या मशीनला त्या परक्याशिवाय दुसरं कुणी हात लावत नाही. थोरल्या मालकांच्या काळापासून हे चालत आलं होतं. मौला दरवर्षी कोडोलीच्या बाजारातून निवडून नारळ आणायचा, कानाशी हलवून बघायचा, आणि एका दणक्यात दोन सारख्या वाट्या करून सगळ्यांकडे असा बघायचा की जणू कुस्ती मारली. गणपतराव तरुण इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा त्यांनी या रिवाजाला हसून भलत्याच्या ड्रिलिंग मशीनला हात घातला होता. त्यांच्या उजव्या हाताचं अर्धं बोट तेव्हापासून नाही. त्यानंतर ते हसले नाहीत.

एकूण काय, गेल्या नवमीला मौलानं फोडलेला नारळ अजून चालू होता. मशीन मौलाचं होतं, मौला रजेवर होता, कृष्णात त्याच्या नावानं चालवत होता. एवढ्या आधारावर तो रोज कामावर येऊ शकत होता. पण आता नवी नवमी तोंडावर आली होती.

नवमीच्या आदल्या आठवड्यात श्रेयसनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. गणपतरावही कोपऱ्यात बसले होते, कागद चाळत.

"या कृष्णातजी, बसा ना."

कृष्णातनं मागं वळून बघितलं. त्याला जी लावून हाक मारणारं त्याच्या घराण्यात कुणी झालं नव्हतं. मग तो बसला.

"यंदा खंडेपूजेला डायरेक्टर सर स्वतः येणार आहेत," श्रेयस म्हणाला. "फॅमिलीसकट सगळे यायला हवेत. गाणी, पेढे, सेल्फी पॉइंट. लोक खूश दिसले पाहिजेत. म्हणजे, असले पाहिजेत."

"व्हय साहेब."

"आणि दसऱ्यापासून एक माणूस दोन मशीन हे आपण कायमचं लागू करतोय. पूजेतच त्याचा संदेश जाऊ दे. तुम्ही सीनियर आहात, रांगेत पहिले आहात. तुमच्या मशीनपुढं नारळ फोडायचा, आणि मग लगेच मौलाच्या. तुम्ही फोडलात की बाकीचे चौघंही फोडतील. म्हणजे लोकांनी हा बदल मनापासून स्वीकारला असं होतं."

म्हणजे या माणसाला रिवाज अर्धाच कळला होता. नारळ फोडला की मशीन गळ्यात पडतं एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेवढ्याचाच त्यानं फास केला होता.

"मौलाच्या मशीनचा नारळ मौला फोडतो की साहेब," कृष्णात म्हणाला.

"मौला आता आपल्या कुटुंबात नाहीत."

"कुटुंबातनं माणूस गेला तर सुतक पाळत्यात साहेब. पूजा न्हाय करत."

कोपऱ्यात गणपतरावांना खोकला आला. श्रेयस हसला. हसणं त्याच्या नोकरीतच होतं.

"हे बघा, मी तुमच्या भल्याचं बोलतोय. दिवाळीनंतर दुसरी फेरी आहे. नावं अजून ठरलेली नाहीत. कोण सकारात्मक आहे, कोण नाही, हे मला सरांना सांगावं लागतं. तुमची मुलगी फार्मसीला शेवटच्या वर्षाला आहे ना?"

मुलीचं, अंतराचं नाव त्यानं घेतलं नाही, पण कृष्णात खुर्चीवरून उठला. बाहेर पडताना त्यानं गणपतरावांकडे बघितलं. ते कागद चाळतच होते. तोच कागद.

त्या संध्याकाळी तानाबाई कंबरेला तेल लावत होती आणि कृष्णात पालथा पडून उशीत तोंड खुपसून सगळं सांगत होता. सांगून झालं.

"सुतक सांगा," तानाबाई म्हणाली.

"कुणाचं?"

"माझ्या चुलतमामांचं."

"ते जित्तं हायत की!"

"मग? त्यास्नी इचारायला राधानगरीला कोण जातंय?"

कृष्णातला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि कंबरेतून सणक गेल्यावर तेही थांबलं. सुतक सांगून तो एकटा सुटला असता. मग नारळ आदर्शच्या हातात गेला असता. आदर्शचं लग्न नुकतं झालेलं, त्यानं काय करायचं? त्यानं फोडला असता, सगळ्यांनी फोडला असता, आणि मौला रजेवरून कायमचा गेला असता. वर ही कंबर वर्षभर त्या वाटेत फिरून एक दिवस जागच्या जागी मोडली असती.

"फोडलं न्हाय तर मला काढत्यात," तो म्हणाला. "फोडलं तर मी सोताच सोताला काढल्यासारखं हाय."

"अंतराचं शेवटचं वरीस हाय, एवढं ध्यानात ठिवा," तानाबाई म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "पर नजीराभाभी भेटली आन तिनं इचारलं, कुणी फोडला वो आमच्या ह्यांच्या मशीनचा नारळ, तर मी काय सांगू ते बी सांगून ठिवा."

कृष्णातनं तोंड पुन्हा उशीत खुपसलं. त्याला राग आला. तानाबाईचा नाही, स्वतःचा. आषाढात मौला डबा आणि बूट पिशवीत भरून गेटकडे चालत गेला तेव्हा आपण ड्रम चढवत होतो, मशीन चालू आहे म्हणून वळून बघितलं नाही, हे त्याला आठवलं. मशीन बंद करायला एक बटण लागतं.

नवमीचा दिवस उजाडला. शॉप असा सजला होता की कुणाला वाटावं इथं लग्न आहे. गेटवर ढोल, आत फुगे, भिंतीवर "आपण सारे एक" असा फलक, आणि सेल्फी काढायला एक पुठ्ठ्याचा मोठा ब्रेक ड्रम, त्यातून तोंड बाहेर काढायचं. बायकापोरं नटून आली होती. माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आपापल्या मशीनजवळ पाहुण्यासारखी उभी होती. डायरेक्टर आले. ते सगळ्यांशी हात मिळवत होते आणि प्रत्येकाला "ग्रेट, ग्रेट" म्हणत होते, जणू माणसं नव्हे, घाऊक माल तपासतायत. श्रेयस झब्बा घालून त्यांच्या पुढं-मागं करत होता, आणि त्याच्यामागं एक फोटोवाला.

गुरवानं मंत्र म्हटले. आरती झाली. मग श्रेयसनं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "आता आपले सीनियर सहकारी कृष्णातजी शुभारंभ करतील!"

कृष्णात पुढं झाला. आपल्या मशीनला त्यानं हळदकुंकू वाहिलं, पायरीच्या दगडावर नारळ आपटला. फुटला. टाळ्या पडल्या. श्रेयसनं पटकन दुसरा नारळ त्याच्या हातात दिला. कृष्णात तो घेऊन वळला, त्याच त्या गर्रकन वळण्यानं, आणि मौलाच्या मशीनपुढं उभा राहिला. मशीन त्यानंच सकाळी पुसलं होतं. माळही त्यानंच घातली होती. तानाबाई बायकांच्या घोळक्यातून त्याच्याकडे बघत होती. आदर्श बघत होता. पलीकडचे तिघे बघत होते. गणपतराव मात्र छताच्या पंख्याकडे बघत होते.

कृष्णातचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. फोटोवाला म्हणाला, "काका, हसा की."

त्या "हसा की"नं काय झालं कोण जाणे. कृष्णातनं हात खाली घेतला.

"हे मशीन मौलाचं हाय," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, ध्वनिक्षेपक लागला नाही. "मी नुसतं सांभाळतोय. नारळ मी न्हाय फोडणार."

डायरेक्टरांनी श्रेयसकडे बघितलं, काय म्हणतायत हे, अशा नजरेनं. श्रेयसच्या कपाळावर घाम आला. त्यानं आदर्शकडे बघितलं, तर आदर्श बायकोच्या साडीवरचा न पडलेला डाग निरखत होता. बाकीच्या तिघांनीही हात मागं बांधले. श्रेयस कृष्णातच्या कानाशी आला, "तुम्हाला कळतंय ना काय करताय?" असं दातओठ खाऊन बोलला, आणि तोंडावर हसू चिकटवून सर्वांकडे वळला.

"थोडे भावुक झालेत ते. साहजिक आहे! चला, हा मान आज एचआरचा!"

असं म्हणून त्यानं कृष्णातच्या हातातला नारळ हिसकावून घेतला.

गणपतराव पंख्याकडचं बघायचं विसरले. "श्रेयस, अहो, थांबा," असं ते म्हणाले, पण नेहमीच्या सवयीनं इतकं हळू म्हणाले की ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. श्रेयसनं नारळ आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तर निसटून फुग्यांत गेला. कुणाच्या तरी पोरानं आणून दिला. तिसऱ्या खेपेला तो फुटला आणि पाणी झब्ब्यावर उडालं. फोटोवाल्यानं फोटो काढला. श्रेयसला आता हुरूप आला. उरलेल्या चारही पोरक्या मशीनांपुढं त्यानंच नारळ फोडले, आणि प्रत्येक नारळाला शॉपमधल्या माणसांनी अशा टाळ्या वाजवल्या, अशा शिट्ट्या मारल्या, की पत्र्याचं छप्पर थरारलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आदर्शनं तर "श्रेयस साहेबांचा विजय असो" अशी आरोळीच ठोकली.

डायरेक्टर भारावले. "ही एनर्जी!" ते श्रेयसच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "हीच एनर्जी मला प्रत्येक प्लँटमध्ये हवी." आणि पेढा खाऊन ते पुण्याला गेले. आषाढापासून त्या शॉपमध्ये खरोखरीचा आनंद झाला तो तेवढाच.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात श्रेयसला केबिनमधून कळलं की आवाज कमी येतोय. तो शॉपमध्ये आला. प्रत्येक माणूस आपल्या मशीनवर होता आणि फक्त आपल्याच मशीनवर. पाच मशीनं बंद. त्यांच्या गळ्यात कालपरवाच्या झेंडूच्या माळा सुकत होत्या.

"कृष्णात," श्रेयस म्हणाला. नावामागचा जी सुट्टीवर गेला होता. "हे मशीन का बंद आहे?"

"तुमी आला न्हाय म्हणून साहेब."

"मी?"

"नारळ तुमी फोडला न्हवं? मशीन तुमचं. ही पाचीबी तुमचीच. आमी कसा हात लावणार?"

श्रेयसला वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टाच चालली होती, पण तिच्यात एकही माणूस हसत नव्हता. त्यानं गणपतरावांना बोलावलं. गणपतराव आले, मशीनकडे बघितलं, आणि अर्धं बोट असलेला हात खिशात घातला.

"सांगा यांना चालू करायला," श्रेयस म्हणाला.

"मी नाही सांगणार."

"सर, हे कोणत्या पॉलिसीत आहे?"

"पॉलिसीत नाही हो. इथं आहे," गणपतराव म्हणाले, आणि इथं म्हणजे कुठं ते त्यांनी दाखवलं नाही. आयुष्यात एकदाही माणसांच्या बाजूनं उभा न राहिलेला हा गृहस्थ नारळाच्या बाजूनं मात्र खांबासारखा उभा राहिला.

"मग माझ्या नावानं चालवा! रजेत चालवता ना?"

"रजेत चालवतो की," कृष्णात म्हणाला. "पर आधी तुमी एकदा चालू तर करा. चालवलंच न्हाय त्याची रजा कसली?"

हा नियम कृष्णातनं त्या क्षणी काढला होता. पण आदर्शनं लगेच मान डोलावली, बाकीच्यांनी डोलावली, जणू आज्ज्यापणज्यानं सांगून ठेवलं होतं. गणपतरावांनीही डोलावली.

तेव्हा श्रेयस इरेला पेटला. त्यानं कुणाचा तरी ॲप्रन चढवला. ड्रम उचलायला गेला, तो हलेना. शेवटी दोघांनी मिळून उचलून दिला. चढवला, तो वाकडा. दार लावलं, बटण दाबलं. मशीननं लाल दिवा लावून बोंब मारली. दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा बोंब. पडद्यावर काहीबाही अक्षरं आली, ती तो फोनमध्ये शोधू लागला. तेवढ्यात त्याच्या हातून कसलं तरी बटण दाबलं गेलं आणि ड्रम गार ठेवायचं पांढरं पाणी फवाऱ्यानं उडून त्याच्या कोरलेल्या दाढीवरून खाली गळायला लागलं. कुणी हसलं नाही. त्यानं ॲप्रन काढून मशीनवर टाकला आणि केबिनमध्ये गेला, तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

दुपारी चाकणहून ट्रक आला. माल भरायला आलेला ट्रक, आणि माल अर्धाही नाही. गणपतरावांचा फोन वाजायचा थांबेना. शेवटी ते कृष्णातजवळ आले, बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यातून वाट काय?"

"ज्याचा गेल्या वर्षीचा नारळ, तो रजेवरनं आला तर कोजागिरीपत्तर नवा नारळ फोडू शकतो," कृष्णात म्हणाला. हाही त्यानं तेव्हाच काढला. रिवाज जुना असला म्हणून काय झालं, कधीतरी तो कुणीतरी काढलेलाच असतो.

गणपतरावांचा चेहरा उजळला. "मग मौलाला बोलाव. कंत्राटावर घेऊ तीन महिने. तुझा दोस्त आहे, तुझं ऐकेल."

आता खरी वेळ आली होती. बोलावला असता तर मौला आला असता. गरजेपोटी आला असता, कंत्राटावर, मान खाली घालून. कृष्णातची कंबर सुटली असती, नोकरी राहिली असती, दोघं पुन्हा पाठीला पाठ लावून भांडले असते. आणि बाकीचे चौघं घरी बसले असते. तोंडात आलेला होकार कृष्णातनं गिळला.

"एकटा मौला न्हाय. पाचीजणं. आन कंत्राटावर न्हाय, होते तसे. एक माणूस, एक मशीन."

"वेडा आहेस का? ते शक्य नाही. पुणं ऐकणार नाही."

"बरं," कृष्णात म्हणाला.

तो आपल्या मशीनजवळ गेला. स्वतःच्या मशीनजवळ, ज्याचा नारळ त्यानं स्वतः फोडला होता. अंतराचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली. त्यानं बटण दाबलं. मशीन थांबलं.

"कृष्णात, हे नारळाचं नाही हां आता," गणपतराव म्हणाले.

"न्हाय की. हे माझं हाय."

पलीकडे आदर्शनं मान वर करून बघितलं, हात पुसले आणि आपलं मशीन बंद केलं. मग त्याच्या पलीकडचं थांबलं. मग आणखी पलीकडचं. एकेक आवाज कमी होत गेला आणि शेवटी त्या शॉपमध्ये बाहेर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा रेडिओ ऐकू यायला लागला.

गणपतराव फोन कानाला लावून आवारात गेले. फार वेळ लागला नाही. आषाढात जे हिशेबात अजिबात बसत नव्हतं, ज्याच्यापायी कंपनी बुडत होती, ते ट्रक दारात उभा राहिल्यावर चहा थंड व्हायच्या आत बसलं. परत आले ते कपाळ पुसतच.

"घ्या म्हणाले सगळ्यांना. होते तसे. पण ट्रक उद्या गेलाच पाहिजे. लाव फोन मौलाला."

"मी का?" कृष्णात म्हणाला. "यादी तुमी केलती. फोनबी तुमीच करा."

"अरे, माझ्याकडे नंबर नाही त्याचा."

"मी सांगतो. आन स्पीकरवर ठिवा. सगळ्यास्नी ऐकू दे."

कृष्णातनं नंबर सांगितला. गणपतरावांनी लावला. सगळी माणसं मशीनं सोडून जवळ आली होती. फोन बराच वाजला आणि मग पलीकडून ठोकाठोकीचा आवाज आला. मौला हुपरीत मेहुण्याच्या घरी पैंजणांच्या कामाला बसत होता.

"हॅलो, मौला? मी गणपतराव बोलतोय."

"कोण गणपतराव?"

गणपतरावांनी आजूबाजूला बघितलं. कुणी नजर हलवली नाही. "वज्रधारचा," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"जरा मोठ्यानं बोला पावणं. हितं चांदी ठोकाय चाललीया."

मौलाच्या फोनात गणपतरावांचं नाव वर्षानुवर्षं होतं, हे कृष्णातला माहीत होतं. गणपतरावांनाही माहीत असावं. त्यांनी घसा खाकरला, फोन तोंडाजवळ धरला आणि त्या गप्प पडलेल्या शॉपमध्ये अगदी मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं ओरडून ते म्हणाले, "मौलाभाई, मी गणपतराव! वर्क्स मॅनेजर! तुम्हाला कामावर परत या म्हणायला फोन केलाय!"

पलीकडची ठोकाठोकी थांबली.

"ऐकू आलं न्हाय," मौला म्हणाला. "परत एकदा सांगा."